क्वेस्टने लढायला शिकवायला हवं

ऑनलाइन आरपीजीमध्ये (पात्र घडवत खेळायच्या गेममध्ये) एखादा नवखा कमाल लेव्हलला पोचतो, पहिल्या अवघड डंजनमध्ये (काही जणांनी पार्टी करून लढायच्या बंदिस्त जागेत) शिरतो आणि दहा मिनिटांत पार्टीतले बाकीचे चौघे मत देऊन त्याला बाहेर काढतात. चॅटमधलं वाक्य ठरलेलं असतं: खेळता येत नाही तर आलास कशाला? पण त्याने गेमने सांगितलेलं सगळं इमानेइतबारे केलेलं असतं. शेकडो क्वेस्ट, म्हणजे गेमने दिलेली कामं, पुऱ्या केलेल्या असतात, हजारो मॉब, म्हणजे गेमचे किरकोळ शत्रू, लोळवलेले असतात. फक्त त्या सगळ्या वाटेवर त्याला एकदाही शत्रूचा मंत्र मधेच तोडावा लागलेला नसतो, दोनांपैकी आधी कुणाला मारायचं हे ठरवावं लागलेलं नसतं, जमिनीवरच्या लाल वर्तुळातून वेळेत बाहेर पडावं लागलेलं नसतं. जे कधी विचारलंच नाही, त्याची परीक्षा शेवटी एकदम घेतली जाते.

माझ्या मते यात खेळाडूचा काही दोष नाही. दोष रचनेचा आहे. क्वेस्ट लिहिणारे आणि लढाई जुळवणारे वेगवेगळ्या खोल्यांत बसतात आणि त्यांची कामं एकमेकांना भेटतच नाहीत. क्वेस्टचं पहिलं काम लढायला शिकवणं हे असायला हवं. गोष्ट, बक्षीस, नवा प्रदेश हे सगळं त्याच्या जोडीला.

हे असं का झालं, हे कळायला थोडं मागे जावं लागतं. १९७८ मध्ये एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रुबशॉ आणि रिचर्ड बार्टल यांनी पहिला मड, म्हणजे अनेकांनी एकत्र खेळायचा मजकुरी गेम, सुरू केला, तिथून ही परंपरा येते. १९९९ च्या एव्हरक्वेस्टच्या नावातच क्वेस्ट असली तरी लेव्हल वाढायची ती एका जागी तळ ठोकून मॉब मारून. एकट्याचा सहसा निभाव लागत नसे, म्हणून पार्टी करावीच लागे. चुकून दोन जास्तीचे मॉब अंगावर ओढून आणले की सगळे मरत, आणि आपल्याच प्रेतावरचं सामान परत आणायला उघड्या अंगाने जावं लागे. ही पद्धत क्रूर होती, पण तिच्यात गुरू होता. सोबतचे चार जण लगेच सांगत की काय चुकलं.

नोव्हेंबर २००४ मध्ये वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट आला आणि त्याने लेव्हलची सगळी वाट क्वेस्टने बांधून काढली. डोक्यावर पिवळं उद्गारचिन्ह असलेला माणूस दिसला की काम मिळणार. एकट्याला, अर्ध्या तासासाठी, ऑफिसातून आल्यावर खेळता येईल असा हा खेळ झाला, आणि हे चांगलंच झालं. पण गुरूचं काम करणारी पार्टी वाटेतून गेली आणि तिची जागा कुणीच घेतली नाही. ती क्वेस्टने घ्यायला हवी होती.

त्यातच वॉरक्राफ्टच्या डिसेंबर २००९ च्या ३.३ पॅचने (गेमच्या सुधारित आवृत्तीने) दोन सोयी एकदम आणल्या. क्वेस्टची जागा नकाशावर दिसू लागली आणि डंजन फाइंडर अनोळखी लोकांची पार्टी आपोआप जुळवू लागला. पहिल्या सोयीमुळे क्वेस्टचा मजकूर वाचायची गरज संपली. तो मजकूर तसाही जेमतेम ५११ अक्षरांत बसवावा लागे, असं त्या गेमचे एक मुख्य डिझायनर जेफ कॅप्लन यांनी २००९ च्या गेम डेव्हलपर्स कॉन्फरन्समध्ये सांगितलं होतं. दुसऱ्या सोयीमुळे पार्टीतल्या चौघांशी ओळख ठेवायची गरज संपली. वाचायचं नाही, विचारायचं नाही, बाणाच्या दिशेने चालायचं. गाईडमधली उत्तरं पाठ करून वर्ष काढलेल्या मुलाला तोंडी परीक्षेला उभं करावं, तशी या खेळाडूची डंजनमध्ये गत होते.

आता आकडे बघू, कारण क्वेस्टचं बरंवाईट आकड्यांतच ठरतं.

सगळ्यात आधी मॉब किती वेळ जगतो ते. वॉरक्राफ्टमध्ये एक कळ दाबल्यावर पुढची दाबायला साधारण १.५ सेकंद थांबावं लागतं. फायनल फँटसी १४ मध्ये हाच ग्लोबल कूलडाउन २.५ सेकंदांचा आहे. मॉब ३ सेकंदांत मरत असेल तर दोन कळा दाबून काम होतं. दोन कळांत निर्णय घ्यायला जागाच नसते. कुठल्याही क्रमाने दाबा, निकाल तोच. मॉब १२ ते १५ सेकंद जगला तर आठ-दहा कळा होतात, मॉबला स्वतःची एखादी चाल करायला वेळ मिळतो आणि त्या चालीला उत्तर देता येतं. खुल्या जगातली लढाई सोपी करायची म्हणून स्टुडिओ मॉबची हेल्थ कापतात. त्याने फटके कमी होतात हे खरं, पण त्याबरोबर लढाईतला विचारही कापला जातो. सोपं करायचंच असेल तर मॉबचा मार कमी करावा, आयुष्य नव्हे. मऊ हाताने मारणारा पण १५ सेकंद टिकणारा मॉब नवख्याला चुकायची आणि सुधारायची संधी देतो.

मग येतो ड्रॉपचा टक्का, म्हणजे मेलेल्या मॉबकडून वस्तू पडायची शक्यता. 'लांडग्याचे आठ दात आणा' ही क्वेस्ट घ्या. दात पडायची शक्यता ३५ टक्के ठेवली तर सरासरी २३ लांडगे मारावे लागतात. पण सरासरी कुणाच्या वाट्याला येत नाही. दहातल्या एका खेळाडूला ३१ हून जास्त मारावे लागतात, आणि नेमका तोच सोडून जातो. एकच वस्तू हवी आणि शक्यता १० टक्के असेल तर याहून वाईट: २० मॉब मारूनही १२ टक्के खेळाडू रिकाम्या हाताने उभे असतात. यावर इलाज जुना आणि सोपा आहे. पहिल्या मॉबला ५ टक्के ठेवा आणि दर अपयशानंतर २ टक्के वाढवत न्या. सरासरी सातच्या थोडी वर येते आणि २० मॉबनंतर रिकामे राहणारे हजारात तीनच उरतात. लांडग्याला दात असतानाही तो पडत का नाही, हा मुलंही विचारतात तो प्रश्न मात्र त्याने सुटत नाही. त्यासाठी मुळात संख्या कमी करून प्रत्येक लांडग्याला किंमत द्यावी लागते.

तिसरी गोष्ट मॉब परत उगवण्याची, आणि इथे घोळ सर्रास होतो. मैदानात २० लांडगे आहेत, एक मारायला १२ सेकंद आणि पुढच्यापर्यंत जायला ८ सेकंद लागतात असं धरू. एक खेळाडू मिनिटाला तीन मारतो. लांडगे ५ मिनिटांनी परत येत असतील तर ते मैदान मिनिटाला चारच लांडगे देऊ शकतं, म्हणजे दुसरा खेळाडू आला की टंचाई सुरू. पाच जणांना पुरवायचं तर ८० सेकंदांत परत उगवायला हवेत. पण एकटा खेळाडू असताना ८० सेकंद ठेवले की मागे वळेपर्यंत लांडगा पाठीत. म्हणून वेळ ठरावीक न ठेवता मैदानात किती जण आहेत त्यावर बदलावा लागतो. हे केलं नाही आणि वर 'पहिला फटका ज्याचा त्याची लूट' हा नियम ठेवला, तर शेजारचा खेळाडू सोबती न राहता चोर होतो. ऑगस्ट २०१२ मध्ये आलेल्या गिल्ड वॉर्स २ ने हा नियमच काढून टाकला: ज्याने हातभार लावला त्याला त्याची लूट वेगळी. अनोळखी माणूस मदतीला आला की बरं वाटतं, एवढा फरक त्या एका नियमाने पडला.

पण ही झाली डागडुजी. दात वेळेवर पडले, लांडगे पुरले, तरी क्वेस्टने काही शिकवलं असं होत नाही. शिकवणाऱ्या रचना कशा दिसतात, तर त्याचं मला माहीत असलेलं सर्वांत चोख उदाहरण ओल्ड स्कूल रूनस्केपमधल्या फाइट केव्ह्जचं. तिथे शत्रूंच्या ६३ लाटा येतात आणि शेवटच्या लाटेत त्झटोक-जाड हा ७०२ लेव्हलचा राक्षस. त्याचा एक फटका ९७ पर्यंत जातो आणि खेळाडूची हेल्थ वाढून वाढून ९९ होते. तो कधी जादूने मारतो, कधी पाय आपटून वरून दगड पाडून. त्याचा पवित्रा बघून योग्य ती संरक्षक प्रार्थना लावली तर फटका शून्यावर येतो, चुकली तर बहुधा खेळ तिथेच संपतो.

हे ऐकून अन्यायाचं वाटतं. पण आधीच्या ६२ लाटा काय करतात ते पाहा. पहिल्या लाटेत येतो तो प्राणी फटक्यासरशी प्रार्थनेची शिल्लक खातो. ती शिल्लक जपून वापरायची असते हे इथे कळतं. तिसऱ्या लाटेतला मेला की त्याचे दोन तुकडे होऊन दोन छोटे प्राणी उभे राहतात. सातव्या लाटेत लांबून मारणारा येतो, तेव्हा खडकाआड उभं राहायची सवय लागते. पंधराव्या लाटेतला जवळून मारतो आणि स्वतःच्या, सोबत्यांच्या जखमा भरतो. एकतिसाव्या लाटेत जादूने मारणारा ३६० लेव्हलचा प्राणी येतो. त्याच्यासमोर जादूविरोधी प्रार्थना न लावता टिकणं अवघड. १, ३, ७, १५, ३१ आणि मग ६३. प्रत्येक नवा शत्रू एक नवा धडा घेऊन येतो, पुढच्या लाटांत जुन्यांबरोबर मिसळून तो धडा घोटला जातो, आणि जाडमध्ये ते सगळे धडे एका देहात एकत्र येतात. त्याची हेल्थ निम्म्यावर आली की त्याला बरं करणारे चार मदतनीस धावून येतात, तेव्हा कुणाकडे आधी बघायचं हा निर्णयही आलाच. कुठेही सूचनांची चौकट उघडत नाही. रचनेत एकच खोट आहे: जाडकडून मेलं की पुन्हा पहिल्या लाटेपासून. तासाभराहून जास्त मेहनत जाते आणि ज्या एका गोष्टीचा सराव हवा तिच्यापर्यंत पोचायला पुन्हा तेवढाच वेळ लागतो. शिकवणं उत्तम, पण पुनर्परीक्षेची सोय वाईट.

त्याच गेममधली, मूळ रूनस्केपमध्ये २००१ ला आलेली ड्रॅगन स्लेअर ही क्वेस्ट दुसऱ्या अंगाने शिकवते. एल्वार्ग नावाच्या ड्रॅगनला मारायचं आहे. क्रँडॉर बेटाच्या नकाशाचे तीन तुकडे तीन ठिकाणांहून मिळवायचे, २,००० नाण्यांना मोडकं जहाज घ्यायचं, तीन फळ्या आणि ९० पोलादी खिळे ठोकून त्याचं भगदाड बुजवायचं, दोर वळणाऱ्या म्हाताऱ्या नेडला कप्तान म्हणून राजी करायचं. आणि लम्ब्रिजच्या ड्यूककडून आगीपासून वाचवणारी ढाल घ्यायची. ती फुकट मिळते, पण ती न घेता गेलं तर ड्रॅगनच्या एका फुत्कारात होत्याचं नव्हतं होतं. इथली अर्धी लढाई तयारीत आहे. मोलाची गोष्ट पुढे आहे: ही ढाल एका क्वेस्टपुरती नसते. त्यानंतर गेममध्ये जिथे जिथे ड्रॅगन भेटेल तिथे आगीचा बंदोबस्त आधी, हे अंगवळणी पडलेलं असतं. क्वेस्टने शिकवलेलं वर्षानुवर्षं उपयोगी पडतं.

वॉरक्राफ्टलाही हे जमत नव्हतं असं नाही. सुरुवातीच्या वर्षांत प्रीस्टला (जखमा भरणाऱ्या पात्राला) बेनेडिक्शन ही काठी मिळवायला एक क्वेस्ट करावी लागे. ईस्टर्न प्लेगलँड्समध्ये शेतकऱ्यांचे लोंढे पळत येतात, त्यांच्यावर बाण पडत असतात, काहींना रोगाने ग्रासलेलं असतं. प्रीस्टने एकट्याने त्यातले ५० जण जिवंत पोचवायचे. १५ मेले की क्वेस्ट फसली. दुसऱ्या कुणाची मदत चालत नाही. कुणावर मोठा उपचार खर्च करायचा, कुणाचा रोग आधी काढायचा, कुणाला सोडून द्यायचं, मॅना (मंत्रांसाठीची शक्ती) किती राखायचा. हीलरचं सगळं काम त्या काही मिनिटांत आहे, आणि शत्रूला मारायची गरजच नाही. हंटरला त्याच काळात चार राक्षस एकट्याने मारावे लागत आणि प्रत्येकाची खोड वेगळी असे. मात्र या दोन्ही क्वेस्ट लेव्हल ६० नंतर, मोल्टन कोअरसारख्या ४० जणांच्या रेडमधून (मोठ्या मोहिमेतून) वस्तू पडल्यावर सुरू व्हायच्या. ज्यांना हीलिंग येतच होतं त्यांचीच परीक्षा झाली. याच क्वेस्टची छोटी आवृत्ती लेव्हल १० ला हवी होती: पाच गावकरी, एक आजारी, दोन मेले तरी चालतील, फसली तर लगेच पुन्हा.

तशी एक क्वेस्ट मुळापासून मांडून बघू. धडा एकच: शत्रूचा मंत्र मधेच तोडणं. खेळाडूचा मारा सेकंदाला २० आहे, मॉबची हेल्थ ३००. म्हणजे साधी लढाई १५ सेकंदांची. मॉब दर ८ सेकंदांच्या फेऱ्यात, पाचव्या सेकंदाला, ३ सेकंदांचा मंत्र सुरू करतो आणि तो पुरा झाला तर १२० हेल्थ परत मिळवतो. मंत्र एकदा तोडला तर मॉब पंधराव्या सेकंदाला मरतो. तोडलाच नाही तरी तो मरतोच, पण ३९ सेकंद लागतात. पहिल्या भेटीत चुकीची शिक्षा मरण नसावी. हे काहीतरी लांबतंय, असं वाटण्याइतका उशीर पुरे. क्वेस्ट देणाऱ्या बाईने फक्त एवढं म्हणावं की त्याचं पुटपुटणं पुरं झालं की जखमा भरतात.

दुसऱ्या टप्प्यात त्याच मॉबला दोन मंत्र द्यायचे: दीड सेकंदाचा किरकोळ बाण आणि दर १५ सेकंदांनी तीच मोठी दुरुस्ती. तोडायची कळ १२ सेकंदांनी परत मिळते. जो दिसेल तो मंत्र तोडतो त्याची कळ बाणावर खर्ची पडते आणि दुरुस्ती निसटते. काय सोडून द्यायचं, हे इथे कळतं. तिसऱ्या टप्प्यात छोटा बॉस, त्याचा मंत्र पुरा झाला तर खेळाडूची ६० टक्के हेल्थ जाते, म्हणजे दोनदा चुकलं की मरण. पुन्हा उभं राहायची जागा २०-३० सेकंदांच्या अंतरावर. ती तीन मिनिटांवर नेली की खेळाडू चालताना चूक विसरतो आणि राग तेवढा लक्षात ठेवतो.

यात काय काय बिघडतं तेही सांगायला हवं. जास्त लेव्हलचा किंवा भारी हत्यार घेतलेला खेळाडू मॉबला पाच सेकंदांच्या आत मारतो आणि मंत्र दिसतच नाही. म्हणून पहिला मंत्र दुसऱ्या सेकंदाला सुरू करावा, किंवा गिल्ड वॉर्स २ करतो तशी खेळाडूची ताकद त्या प्रदेशापुरती खाली आणावी. वाटसरू खेळाडू मधे येऊन बॉस मारून जातो. म्हणून हा शेवटचा टप्पा ज्याचा त्याला वेगळा हवा. क्वेस्टच्या यादीत 'बॉस मारा' लिहिलं तर तोडण्याची कळ न दाबताही नशिबाने निभावतं. 'तीन मंत्र तोडा' असंच लिहावं. आणि तोडायची कळच नसलेल्या क्लासला (पात्राच्या प्रकाराला) ही क्वेस्ट देऊ नये, त्याला त्याच्या कामाची द्यावी. टँकची, म्हणजे पार्टीचा मार स्वतःवर घेणाऱ्याची, क्वेस्ट म्हणजे शत्रूचं लक्ष आपल्याकडे धरून ठेवणं. वॉरक्राफ्टमध्ये जवळून मारणाऱ्याचा थ्रेट (शत्रूच्या रोषाचा आकडा) टँकच्या ११० टक्क्यांवर आणि लांबून मारणाऱ्याचा १३० टक्क्यांवर गेला की शत्रू त्याच्याकडे वळतो. डंजनमधली निम्मी भांडणं या दोन आकड्यांवरून होतात, आणि ते खेळाडूला कळतात ते बहुधा गेमच्या बाहेरून. सोबत एक उतावळा तिरंदाज दिला आणि त्याला जिवंत ठेवायला सांगितलं की हे आकडे न सांगताही कळतील.

भारतातून खेळणाऱ्यांसाठी यात आणखी एक पदर आहे, आणि तो स्टुडिओंच्या हिशेबात सहसा नसतो. फायनल फँटसी १४ ची डेटा सेंटर जपान, उत्तर अमेरिका, युरोप आणि ओशिआनियात आहेत. गिल्ड वॉर्स २ ची उत्तर अमेरिका आणि युरोपात. पुण्या-मुंबईच्या खेळाडूने कुठलं निवडलं तरी ते लांबच. फायबरमधून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. मुंबई ते फ्रँकफर्ट हवाई अंतर साडेसहा हजार किलोमीटर धरलं तरी जाऊन-येऊन ६५ मिलिसेकंद भौतिकशास्त्रच घेतं, आणि समुद्राखालच्या केबलचा वळसा व मधले राउटर मिळून प्रत्यक्षातला पिंग (जाऊन-येऊन लागणारा वेळ) त्याच्या दुपटीच्या घरात जातो. चांगला प्लॅन घेऊन हा आकडा खाली येत नाही.

म्हणून शत्रूच्या चालीचा इशारा किती वेळ दिसावा याचा हिशेब असा करावा लागतो. डोळ्याने बघून साधी कळ दाबायला पाव सेकंद; काय दिसलं ते ओळखून योग्य कळ निवडायला अर्धा सेकंद, नवख्याला त्याहून जास्त; वर १५० मिलिसेकंद पिंग. तोडायची कळ ग्लोबल कूलडाउनमध्ये अडकलेली असेल तर आणखी दीड सेकंदापर्यंत. त्यामुळे तोडण्याची आणि चुकवण्याची कळ कूलडाउनच्या बाहेरच हवी, आणि नवख्याच्या प्रदेशात दीड सेकंदाखालचा इशारा ठेवू नये. फायनल फँटसी १४ मध्ये फटका कुणाला बसणार हे मंत्र किती झाला ते दाखवणारी पट्टी संपते त्या क्षणी सर्व्हर ठरवतो, स्फोट दिसतो तो नंतर. ज्याला हे माहीत नाही तो वर्तुळाबाहेर उभा असूनही मरतो आणि गेमला खोटारडा म्हणतो. पिंग जास्त असला की हा अनुभव रोजचा. पट्टी संपायच्या आधी बाहेर पडायचं असतं, हे सांगणारी एक क्वेस्ट पहिल्या तासात हवी. उलट रूनस्केपचा सर्व्हर दर ०.६ सेकंदाला एकदाच हिशेब करतो. जुनाट वाटणारा हा संथ ठोका आपल्याकडच्या खेळाडूला बराच न्याय देतो, कारण २०० मिलिसेकंद पिंग असला तरी त्याची कळ बहुतेक वेळा त्याच ठोक्याला पोचते.

यावर आक्षेप घेतले जातात आणि त्यातला एक मला खरोखर वजनदार वाटतो. दिवसभर राबून आलेल्या माणसाला डोकं बाजूला ठेवून अर्धा तास मॉब मारायचे असतात. त्याच्यामागे परीक्षेचं लचांड कशाला? हे मान्य आहे. त्याच्यासाठी मासेमारी, खाणकाम, खालच्या लेव्हलचे प्रदेश, जुन्या क्वेस्ट हे सगळं राहू द्यावं. पण मुख्य वाटेवर प्रत्येक नव्या प्रदेशात एक तरी क्वेस्ट अशी असावी की जिच्यात न शिकता पुढे जाता येत नाही. वर मांडलेल्या क्वेस्टचा पहिला टप्पा काहीही न शिकता ३९ सेकंदांत पार होतोच. दमलेल्या माणसावर त्यात जुलूम नाही.

खर्चाचा आक्षेप तितका टिकत नाही. अशी क्वेस्ट बनवायला दहा दातवाल्या क्वेस्टइतकी मेहनत लागते, हे खरं असेल. पण मग दहा कमी करा. ओल्ड स्कूल रूनस्केपमध्ये सगळ्या मिळून क्वेस्ट दोनशेच्या आत आहेत आणि लोक त्या नावानिशी लक्षात ठेवतात. आणि विकी-यूट्यूबवर सगळं आयतं मिळतं म्हणून शिकवण्यात अर्थ नाही, असं म्हणणाऱ्यांनी जाडचा व्हिडिओ बघून जाडसमोर उभं राहून पाहावं. कुठे जायचं ते व्हिडिओ सांगतो, कळ आपल्यालाच दाबावी लागते.

शिकवणं क्वेस्टवर सोपवलं नाही तर स्टुडिओ मधेच पाटी लावतात. वॉरक्राफ्टने २०१४ च्या विस्तारात प्रूव्हिंग ग्राउंड्स या एकट्याच्या चाचणीत रौप्यपदक मिळवल्याशिवाय हिरोइक (जास्त अवघड) डंजनच्या रांगेत उभं राहू द्यायचं नाही असा नियम केला, आणि पुढच्या विस्तारात काढून टाकला. तो टिकला नाही याचं नवल नाही. लेव्हलभर वर्गच भरले नव्हते. फायनल फँटसी १४ ने मुख्य कथेच्या क्वेस्टमध्येच डंजन गुंफले, त्यामुळे पंधराव्या लेव्हललाच प्रत्येकाला चौघांत मिळून (सोबती खेळाडू असोत की गेमची पात्रं) सास्ताशा हे डंजन पार करावं लागतं. हा मार्ग मला जास्त पटतो, जरी त्या डंजनांच्या मधल्या एकट्याच्या लढाया फारच मवाळ आहेत.

ज्या क्वेस्टमध्ये शिकवायला काही उरत नाही तिचं शेवटी हजेरीत रूपांतर होतं. रोज तीच पाच कामं, न केली तर बक्षीस गेलं. डिसेंबर २०२३ मध्ये चीनच्या नियामकांनी रोजच्या लॉगिनचं बक्षीसच बंद करायचा मसुदा आणला होता, शेअर बाजार हादरल्यावर तो पुढच्याच महिन्यात संकेतस्थळावरून निघाला. आपल्याकडचा ऑगस्ट २०२५ चा ऑनलाइन गेमिंग कायदा मुख्यतः पैसे लावून खेळायच्या खेळांवर बंदी घालतो. वेळ लावून घेणाऱ्या रचनेला तो हात लावत नाही. त्यासाठी सरकारने यावं असं मला वाटत नाही. खेळाडूंनी आणि समीक्षकांनी गेमबद्दल लिहिताना विचारावं: वीस तास खेळल्यावर या गेमने कुठल्या चार गोष्टी हाताला लावल्या? हा प्रश्न ग्राफिक्सच्या आधी यायला हवा.

आणि आपल्याकडे कुणी ऑनलाइन आरपीजी बनवत असेल तर त्यांनी क्वेस्ट किती जणांनी पुरी केली हा आकडा फार मनावर घेऊ नये; दातवाली क्वेस्टही सगळे पुरी करतात. त्याऐवजी नोंद ठेवावी की जखमा भरणारा मॉब पहिल्यांदा भेटला तेव्हा किती जणांनी मंत्र तोडला, आणि तिसऱ्यांदा भेटला तेव्हा किती जणांनी. दोन्ही आकडे सारखेच असतील तर क्वेस्ट शिकवत नाहीये. मग आधी इशारा दिसतो का ते तपासावं: आवाज बंद ठेवून, लाल-हिरवा फरक न कळणाऱ्या माणसाला बसवून, आणि सहा इंची फोनवर. फोनवर दोन्ही अंगठे पडद्याचा खालचा भाग झाकतात, आणि डेस्कटॉपवरून उचललेली मंत्राची पट्टी बहुतेक वेळा नेमकी तिथेच असते. ती मॉबच्या डोक्यावर न्यावी आणि तिसऱ्या भेटीचा आकडा पुन्हा बघावा.